उताराची बाजू

दुकानाचं शटर ओढलं की
मागच्या खोलीत मी गोळ्या मोजायचा ट्रे काढतो.
मुदत संपलेल्या अकरा गोळ्या:
बचावात चार पिवळ्या, मध्ये तीन तांबड्या,
पुढे तीन पांढऱ्या, आणि गोलमध्ये
कॅल्शियमची एक जाडजूड, म्हणजे टोमाश.

टॉडमॉर्डनचं आमचं मैदान तिरकं.
वरच्या कोपऱ्यात मेंढ्या, खालच्या कोपऱ्यात कालवा.
नाणेफेक जिंकलो तर पहिला हाफ उताराच्या बाजूने,
हरलो तर बोंबला.
आधीच्या मॅनेजरने मागे ठेवली ती एवढी रणनीती,
आणि चौदा बिब, त्यातली तीन फाटकी.

मी स्वतः फुटबॉल कधी धड खेळलो नाही.
शाळेत आट्यापाट्या. मी सूर धरायचो,
मधल्या लांब पाटीवर वरखाली पळत
सगळ्यांचे रस्ते कापायचो.
तेच इम्तियाझला शिकवतो. मराठीत
एका ओळीत झालं असतं:
चेंडू नको बघू, वाट बघ.
इंग्रजीत तीन मिनिटं हातवारे, आणि तो म्हणतो,
"म्हणजे होल्डिंग मिडफील्ड?"
हो बाबा, तेच.

उद्या हेब्डनवाले.
त्यांचा तो डावखुरा पोरगा मागच्या वेळी आमच्या बचावातून
घरात चप्पल घालून फिरावं तसा फिरला.
एक पांढरी मागे ओढतो. पाच-तीन-दोन.
पुढे उरतात लॉइड आणि डीन, सख्खे साडू,
नाताळापासून एकमेकांशी बोलत नाहीत,
पास कुठून देणार.
पांढरी परत पुढे.

मग मधली पिवळी. बॅराक्लफ.
चव्वेचाळीस वर्षांचा, पोस्टमन, एकोणीस वर्षं कॅप्टन.
हवेतला चेंडू म्हणजे त्याच्या कपाळाची इस्टेट.

मंगळवारी तो काउंटरवर आला
टोपी काढून. टोपी त्याने स्वतःच्या लग्नातही काढली नव्हती म्हणतात.
चिठ्ठी सरकवली. मी वाचली.
मी वाचल्याचं त्याने वाचलं.
स्प्रे जिभेखाली कसा मारायचा ते दाखवलं,
छातीवर दाब आला तर लगेच खाली बसायचं, म्हणालो.
तो म्हणाला, "रविवारी ओलं असेल. लांब स्टड लावू ना?"
मी म्हणालो, "आणि ही गोळी सकाळी, नाश्त्यानंतर."

काउंटरच्या आतलं काउंटरच्या आत.
तेवीस वर्षं अख्ख्या गावाची दुखणी पोटात घेऊन
बेकरीच्या रांगेत मी हवामानावर बोलतो.
तेव्हा उद्या पंधरा जणांसमोर
कारण म्हणून डावपेचच सांगावे लागणार:
बचावफळी वर सरकवायची आहे,
मागे वेग हवा, म्हणून पाच नंबरला किरन.
किरन, ज्याला ऑफसाइड
अजून पुरता उमगलेला नाही.
म्हणतील, मॅनेजरचं डोकं फिरलंय.
म्हणू देत. एकट्या बॅराक्लफने
तसं म्हणू नये, असं वाटतं.
किंवा त्यानेच सगळ्यात मोठ्याने म्हणावं. तेही चालेल.

पिवळी गोळी ट्रेच्या कडेला ठेवतो.
ती घरंगळत परत बचावाच्या मध्यावर येते.
पुन्हा ठेवतो. पुन्हा येते.
टेबलच तिरकं आहे, हे इतक्या वर्षांत
आज लक्षात आलं.

सव्वाअकराला फोन वाजतो. त्याचाच मेसेज:
मैदान बघून आलो. खाली कालव्याकडे चिखल आहे.
किरनला सांग, उतारावर टप्पा लांब पडतो.
लाइनवर झेंडा धरायला
कुणीतरी लागेलच ना?

लागेल, असं लिहितो. पुसतो.
लांब स्टड लाव, लिहितो. तेही पुसतो.
वारा असेल,
जाड कोट घालून ये.